बबनमामाला समजलेला सिनेमा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. आई एवढंच म्हणाली, "बबन गेला गं… हॉटेलातच." दादरच्या एका उडुपी हॉटेलात तो डोशाच्या तव्यावर असायचा. तिथेच छातीत दुखलं आणि संपलं. आता काही आठवडे झाले. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून त्याच्याबद्दल लिहायचं काम माझ्याकडे आलं. कसं लिहावं ते नीट कळत नाही…

मामा आमच्याकडेच, डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा. चाळीत त्याचं नाव चांगलं नव्हतं. तरुणपणी तो लालबागच्या एका दादाच्या मागे फिरायचा, आणि त्याच्या सांगण्यावरून त्याने आमच्याच वरच्या मजल्यावरच्या दत्तारामकाकांचा गुडघा सळईने फोडला. मामा तुरुंगात जाऊन सुटून आला. काकांचा पाय मात्र कायमचा गेला. आमच्या घरात हा विषय कोणी काढत नसे.

हॉटेलच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, एकदा सगळ्या कामगारांना कन्नड सिनेमा दाखवला. मामाने मलाही नेलं. मारामाऱ्या पुष्कळ होत्या. तुरुंगातून सुटलेला एक गुंड, ज्याला त्याने मारलं त्याच्याच म्हाताऱ्या आईच्या शेतात राबायला जातो. ती त्याला दारात उभं करत नाही. शेवटी मात्र काहीतरी बोलत त्याच्यापुढे भाताचं ताट ठेवते. आम्हा दोघांनाही कन्नड येत नव्हतं. बाहेर आल्यावर मामाचे डोळे लाल होते. "माफ केलं बघ म्हातारीने," तो म्हणाला. "ह्याला भाषा कशाला लागते?"

पुढच्या रविवारी तो वर गेला. "दत्त्या, काय काम असलं तर सांग."

"पिक्चर बघून आलास वाटतं," काका म्हणाले. "पाय जोडून दे. जमेल?"

मामा गॅलरीतच बसून राहिला. असे कितीतरी रविवार गेले. मग एकदा काका वैतागून म्हणाले, "बसलाच आहेस तर खाली तरी ने." तेव्हापासून दर रविवारी मामा त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरायचा आणि कॅरमपाशी बसवायचा. पाठीवरून काकांचं चालूच असायचं, "हळू रे बैला, दुसरा पण मोडशील." मामा घरी येऊन हसायचा. "वाढेल, वाढेल ताट," म्हणायचा.

तो गेल्यावर मी तो सिनेमा मोबाइलवर पुन्हा पाहिला. या वेळी खाली इंग्रजीत संवाद येत होते. म्हातारी ताट ठेवताना म्हणते, उपाशी माणूस मी दारातून परत पाठवत नाही, पण तुला माफ करणार नाही… मी मोबाइल बंद केला.

रविवारी वर गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर बसले होते. मी भीत भीत विचारलं, "काका, मामाला माफ केलं होतं तुम्ही?"

"नाही," ते लगेच म्हणाले. "त्याने माफी मागितलीच नाही कधी."

"मागितली असती तर?"

ते जिन्यातून खाली बघू लागले. खाली कॅरमच्या सोंगट्या वाजत होत्या. "खाली न्यायला कोणाला बोलावू?" मी विचारलं.

"नको. बसतो जरा."

आई सांगते, मामा गेल्यापासून दर रविवारी ते असेच तयार होऊन तिथे बसतात आणि जेवायच्या वेळी भिंत धरून आत जातात.