आयोगाची तिसरी बाटली

जपानशी व्यापार वाढवायला सरकारने आयोग नेमला, ही बातमी नवऱ्याने मला तीनदा वाचून दाखवली. अंधेरीतल्या आमच्या गाळ्यात आम्ही कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला दाट रस, काढायचो. मोठ्या दुकानांनी माल घेणं बंद केलं होतं. जपानची ऑर्डर मिळाली नाही तर गाळ्याला कुलूप आणि कामाच्या पाचही बायका घरी. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी आमची काडी म्हणजे हा आयोग.

जपानला पाठवायचा नमुना म्हणून आयोगाला प्रयोगशाळेने सील केलेल्या तीन बाटल्या हव्या होत्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी नवरा अंघोळीला गेला आणि मी बाटल्यांना हळदकुंकू लावलं. एवढ्यावर थांबले असते तर! पण आमच्याकडे हंगामाचं पहिलं आगळ देवाला दाखवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही, आणि यंदाचं पहिलं हेच. हात सवयीने चालला. झाकण फिरवलं, चमचाभर वाटीत ओतलं, देवापुढे ठेवलं. ‘एवढं पार पाड रे बाबा,’ म्हटलं. झाकण लावताना सीलची फाटलेली पट्टी दिसली. मी मूर्खासारखी ती ओढून चिकटवली आणि बाटली बाकीच्या दोघींशेजारी ठेवून दिली.

आयोगाच्या खिडकीतल्या बाईंनी तिसरी बाटली फिरवून बघितली. “सील तुटलंय. तिन्ही बाद.”

“मॅडम, लॅबवाल्यांची चूक असेल. उद्या दुसऱ्या आणतो ना!” नवरा म्हणाला.

“मुदत आज संपते हो.”

नवऱ्याने हात जोडले. देवळाबाहेर त्याला हात जोडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

रिक्षात तो लॅबवाल्यांना शिव्या घालत होता. मला ऐकवेना. “अहो, त्यांना नका बोलू. मी उघडली. नैवेद्याला.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. घराच्या दारात एवढंच म्हणाला, “बायकांना तू सांग.”

दुसऱ्या दिवशी गाळ्यात मी सगळं सांगितलं. कुणीतरी फाडकन बोलावं, असं मनापासून वाटत होतं. सगळ्यात वयस्कर बाई मालवणची. ती म्हणाली, “देवाक दाखवल्याशिवाय भायर कशी धाडतलंस, वयनी? बरोबरच केलंस.”

बाकीच्या चौघींनी माना डोलावल्या. मग तिने एप्रन सोडला आणि नीट घडी घालून माझ्या हातात दिला.