थिएटरपासून डावीकडे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीकाकूचं टेबल आहे. कुणाला पत्ता हवा असला की तिलाच विचारतात, आणि इस्त्री न थांबवता, मान वर न करता ती सांगते. तिची ही नक्कल मी वर्गात इतक्या वेळा केली आहे की मैत्रिणी आता आधीच हसायला लागतात. पत्ता कुठलाही असो, तिची वाट एकच. "हे बघ बाळा, वखारीवरून सरळ जा. दवाखाना सोड. थिएटर लागलं की डावीकडे. न दिसायला काय झालं, एवढं मोठं थिएटर!"

वखारीच्या जागी आता जिम आहे. दवाखान्यात चष्म्याचं दुकान आहे. आणि थिएटर पाडून तिथे काचेचा टॉवर उभा केला आहे, एवढा उंच की ऊन कलल्यावर काकूच्या टेबलावर त्याचीच सावली पडते. नवखा माणूस फिरून फिरून परत येतो. "काकू, थिएटर कुठे दिसलंच नाही हो." "डोळे तपासून घे मग. वाटेतच दवाखाना आहे." आणि खरंच, तिथे चष्मे मिळतात.

काकू लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं टेबल थिएटरच्या जिन्याखाली होतं. काका तिथेच डोअरकीपर. खेळ सुरू झाल्यावर उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत न्यायचे, आणि कुजबुजत्या आवाजात म्हणायचे, "या, या, पाय बघून." हा आवाजही मला जमतो. घशातून नाही, नाकातून काढावा लागतो.

थिएटर पाडलं, जिना गेला, टेबल गल्लीत आलं. काका बरेच दिवस नुसते बसून होते. मग टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. काकूचा तिळपापड झाला.

"ज्यांनी आपल्याला उठवलं त्यांच्याच दारात उभं राहायचं?"

"अगं, जागा तीच आहे. तेव्हाही मी दारातच उभा होतो ना?"

त्या दिवसापासून काकूनं टॉवरचं नाव घेतलं नाही आणि त्याच्या पाटीकडे मान वर करून पाहिलं नाही. काकांच्या युनिफॉर्मच्या शर्टावर, खिशावर ते नाव लाल दोऱ्यानं भरलेलं आहे. तो शर्ट ती आतली बाजू बाहेर काढून इस्त्री करते आणि तशीच घडी घालते. मी विचारलं तर म्हणे, "भरतकाम जळतं गं." काका बिचारे रोज शर्ट उलगडतात, सुलटा करतात आणि अंगात घालतात.

त्या दुपारीही ते बनियनवर स्टुलावर बसून शर्टाची वाट बघत होते. मी घरचे कपडे द्यायला आले होते. काका म्हणाले, "जरा छातीत कसंतरी होतंय." काकू म्हणाली, "गॅस असेल, उठून चाला जरा." ते उठले आणि टेबलाचा पाय धरून खालीच बसले. चेहरा राखेसारखा. कपाळावर घामाचे थेंब.

समोरच्या सलूनवाल्यानं गिऱ्हाईक अर्धं सोडून ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि काकूचा नंबर दिला. काकूनं त्याला लगेच पिटाळलं. "वखारीपाशी जाऊन उभा राहा, तिकडूनच येणार ती." तो धावला. रस्ता एकेरी झाल्यापासून तिकडून गाडी येऊच शकत नाही, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही. मी काकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर्तमानपत्रानं वारा घालू लागले.

ड्रायव्हरचा फोन आला. पलीकडचं बोलणं मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं, अगदी त्याच्या त्या घोगऱ्या, घाईच्या आवाजासकट.

"मावशी, कुठे यायचं?"

"थिएटरपासून डावीकडे, बाळा. लवकर ये रे."

"इथे थिएटर कुठेच नाही."

"असं कसं नाही? लोकांना विचार!"

त्यानं कुणाला तरी विचारलं असावं. मग आपण कुठल्या गेटसमोर उभे आहोत, ते पाटी वाचून त्यानं सांगितलं. मला ऐकू आली ती फक्त काकू.

"कसलं गेट? असलं काही नाही आमच्याकडे. तू चुकलास. वळव गाडी, वळव!"

"काकू, कुठून वळवतेस?" मी ओरडले. "काय म्हणतोय तो?"

"तू गप गं! मधे बोलू नकोस. वळव रे बाबा, पुढच्या चौकातून वळव!"

काकांचे डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर नेला, टेबलाच्या कडेवरचा शर्ट धरला आणि ओढला. घडी मोडून शर्ट त्यांच्या छातीवर पडला. मला वाटलं, थंडी वाजतेय. मी तो पांघरू लागले, तर माझा हात बाजूला सारला.

"अहो, आता कुठे निघालात ड्युटीला!" काकूचा आवाज फाटला.

काकांची बोटं शर्टात शिरली. बाही अडकली. पुन्हा ओढली. एकेक दम घेत त्यांनी शर्ट सुलटा केला, खिसा वर आणला आणि त्यावर बोट ठेवलं. मग काकूकडे पाहिलं.

काकू वाकली. ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत तिनं वाचलं. ड्रायव्हरनं आत्ताच सांगितलेलं नाव तेच होतं.

"थांब!" ती फोनमध्ये इतक्या जोरात किंचाळली की सलूनमधलं गिऱ्हाईक तोंडाच्या फेसासकट बाहेर आलं. "वळलास का? वळू नकोस! अरे तेच! तेच आमचं थिएटर! त्याच्याच डावीकडे ये!"

तो वळण्याच्या बेतात होता. ब्रेक दाबला, गाडी मागे घेतली, आणि सायरन आमच्या भिंतींवर आदळला. स्ट्रेचर गल्लीतल्या स्कूटरींमधून निघालं तेव्हा काकू बाजूनं धावत होती आणि उचलणाऱ्यांना म्हणत होती, "पाय बघून रे, पाय बघून." हा तिचा आवाज मात्र मी अजून कुणाला करून दाखवलेला नाही.

आणखी एक फेरी पडली असती तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. काका घरी आले. नोकरी सुटली. आता दिवसभर स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांची बटणं मोजतात आणि काकूच्या शिव्या खातात.

काल एक पार्सलवाला आला. "काकू, हा पत्ता कुठे आला?"

"वखारीवरून सरळ," काकूनं सुरू केलं. "दवाखाना सोड. मग थिएटर..." ती थांबली. काकांनी भुवया उंचावल्या. काकूनं ओठ घट्ट मिटले. ते नाव तिच्या तोंडून आजही निघत नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. तिनं फक्त गरम इस्त्री उचलून मागच्या खिळ्याकडे रोखली. तिथे काकांचा तो शर्ट टांगलेला आहे, सुलट्या बाजूनं, खिसा रस्त्याकडे करून.

"वाच," काकू म्हणाली. "तिथून डावीकडे."