भिंगाआडचा आवाज

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. लहानपणापासून तो अडखळत बोलतो, म्हणून घरात त्याचं नाव पडलं 'ठोके'. दुकानात टेबलाशी बसून डोळ्याला भिंग लावलं, की मात्र त्याची जीभ सुटते. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, नुसती चाकं दिसतात. एका वकिलाला तो म्हणाला होता, "साहेब, घड्याळ ठणठणीत आहे. उशीर तुमच्या अंगातच आहे."

भिंगाची ही गोष्ट मला आणि त्याच्या मुलीलाच ठाऊक होती. तिची आई गेल्यावर पोर त्या टेबलापाशीच वाढली, भिंग लावलेल्या बापाच्या गोष्टी ऐकत.

लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर 'नवजन्म' नावाच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना जाऊ लागली. घरचं माणूस आणल्याशिवाय तिथे वरच्या वर्गात घेत नसत. ती बापाच्या मागे हात धुऊन लागली. तो नको म्हणाला की अबोला धरायची. बाबांना मुलीची प्रगती बघवत नाही, असं जावई चारचौघांत बोलू लागला. शेवटी ठोके तयार झाला. सोबतीला मी गेले.

सभागृहाची दारं लावून घेतली होती. शिबिर घेणाऱ्या सरांनी त्याला उभं करून माइक दिला. त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. बाहेर जाताना धीर म्हणून तो भिंग जवळ ठेवतो. खिसा रिकामा होता. सरांनी मूठ उघडली. भिंग तिथे होतं.

"ही तुमची कुबडी," ते गोड आवाजात म्हणाले. "तुमच्या मुलीनेच काढून दिली. आता कुबडीविना बोला."

'मी'च्या पुढे त्याला जाता येईना. लोक उत्तेजन म्हणून टाळ्या वाजवत होते. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तीही टाळ्या वाजवत होती. मी उठून सरांच्या हातातलं भिंग घेतलं आणि भावाला दंडाला धरून निघाले. दाराशी एक तरुणी आडवी आली, अर्धवट सोडू नका म्हणाली. "बाई, बाजूला हो," एवढंच मी म्हणाले.

काही दिवसांनी मुलगी दुकानात आली, तेव्हा मी तिथेच होते. तिला वरच्या वर्गात घेतलं होतं.

"बाबा, तुमच्या भल्यासाठीच केलं मी."

ठोकेने भिंग उचलून डोळ्याला लावलं. बोलायला तोंड उघडलं. ओठ थरथरले, मान हलली, पण आवाज फुटला नाही. भिंगाआडूनही नाही. त्याने ते काढून खणात ठेवलं.

तो तिला 'बस' म्हणत होता की 'जा', हे मला अजून कळलेलं नाही.