तारांखालची देवी

नावड्याच्या पुतळाबाईंच्या अंगात देवी यायची, पण ती फक्त पालकाच्या वाफ्यात. वाफा हायटेन्शनच्या तारांखाली होता, कारण तिथे इमारत बांधायला परवानगी नव्हती. संध्याकाळी पाणी घालताना डोक्यावर तारा गुणगुणू लागल्या की पुतळाबाईंच्या हातावरचे केस उभे राहायचे, आणि बादली टाकून त्या घुमू लागायच्या. मग बाया नारळ घेऊन यायच्या, पोरीचं लग्न कधी जुळेल ते विचारायच्या. त्यांची जाऊ कमळी तेवढी नाक मुरडायची. "ढोंग हाय नुसता."

एकदा दिवेलागणीला पुतळाबाईंचा वायरमन मुलगा हरेश एक उडालेली ट्यूबलाइट घेऊन वाफ्यात आला. "आये, देवी नाय ती. तारांतल्या विजेचा जोर हवेत पसरतो, तो अंगाला जानवतो. ही बघ." त्याने ट्यूब उभी धरली आणि ती हातातल्या हातात उजळली. ना वायर, ना बटन.

नारळ घेऊन जमलेल्या बाया आधी किंचाळल्या, मग हसत सुटल्या. ट्यूब या हातातून त्या हातात फिरू लागली. कुणी फेर धरला, कुणी पालक तुडवला. पुतळाबाईही पदर खोचून नाचल्या. देवी गेल्याचं दुःख करायला सवड कुणाला होती?

शेवटी ट्यूब कमळीकडे आली. तिच्या हातावरचे केस ताठ झाले, डोळे फिरले, ती घुमू लागली. "माजे आंगान आयली गो, देवी आयली."

पुतळाबाईंनी तिच्या हातातून ट्यूब काढून घेतली.

"गप बस. तार हाय ती."