रोकडे सरांचा शुक्रवार

दौलत रोकडे सरांना जेवायला बोलवायचं असेल तर आमच्या भिवंडीच्या नारपोलीत आधी सांगावं लागतं, ‘सर, आज चिंबोऱ्या नाहीत हो.’ खाडीच्या वाऱ्यात वाढलेला माणूस, आणि ह्या खेकड्यांचं कालवण समोर आलं की नाकाला रुमाल लावून थेट ओट्यावर! नवीन शेजारी विचारतात, काय, अंगावर पित्त उठतं का सरांच्या? पित्त कसलं. सरांनी पीएच.डी. केली होती. म्हणजे होता होता राहिली. त्या पीएच.डी.चा विषय निघाला की मलासुद्धा आधी वास येतो, मग बाकीचं आठवतं.

सर आमच्या मागच्या चाळीतले. आई जाईबाई दिवसभर दारात बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. धाकटा भाऊ रामनाथ लूमवर कारीगर, तोंडाने त्याच्या लूमपेक्षा वेगवान. थोरला मात्र शिकला आणि इथल्याच एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागला. नाव दौलत, आडनाव रोकडे. बँकेतला कारकून आधी नाव वाचून हसायचा आणि मग पासबुक बघून.

तर ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. सरांच्या डोक्यात भुंगा शिरला. एक कारीगर चार लूम सांभाळतो. एकावर धागा तुटला की लूम थांबतो. तो धागा जोडेपर्यंत दुसरा थांबतो, आणि मग थांबलेले लूम माणसाची वाट बघत रांगेत उभे. तर एका माणसाच्या गळ्यात लूम किती घालावेत, म्हणजे कापडही निघेल आणि माणूसही मोडणार नाही? ह्याचं म्हणे शास्त्र आहे, त्याला ऑपरेशनल रिसर्च म्हणतात. रामनाथ म्हणाला, “दादा, गळ्यात किती घालायचे ते शेठला आधीच माहीत हाय. किती उतरवायचे त्याचं शास्त्र काढ.” सर म्हणाले, “तेच काढतोय.” आणि मला वाटतं, खरंच तेच काढत होते. ड्युटी संपली की कारखान्याच्या कोपऱ्यात घड्याळ घेऊन, कुठला लूम किती वेळ थांबला ते टिपत उभे राहायचे. कानात कापसाचे बोळे, केसात कापसाचे तंतू. कारीगर त्यांना ‘मास्टरजी स्टॉपवाले’ म्हणायचे.

इथवर सगळं स्वच्छ होतं. घाण पुढे सुरू झाली, कारण पीएच.डी.ला गाईड लागतो.

गाईडसाहेब मुंबईचे. मोठे विद्वान. त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिलं आणि घरी येऊन हात धुतले. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, “रोकडे, तुम्ही भिवंडीचे ना? मग खाडीच्या चिंबोऱ्या मिळत असतील.” सर बिचारे म्हणाले, मिळतात. संपलं! त्या दिवसापासून प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण चिंबोऱ्यांबरोबर जाऊ लागलं. तेही कधी? अमावास्येला. पौर्णिमेची चिंबोरी पोकळ असते आणि अमावास्येची भरलेली, हे गाईडसाहेबांना सगळ्या सूत्रांच्या आधी पाठ होतं. सर फोन करायचे, ‘सर, तिसरं प्रकरण झालंय, उद्या येऊ?’ पलीकडून उत्तर, ‘उद्या चतुर्थी ना? घाई काय आहे? अमावास्या होऊन जाऊ दे.’ जगभरच्या विद्यापीठांत संशोधन टर्मप्रमाणे चालतं, आमच्या दौलतचं कालनिर्णय बघून चाललं.

चिंबोऱ्या धोंडूबाईकडून यायच्या. धोंडूबाई खाडीवरची, तोंडाची फटकळ. नांग्या सुतळीने बांधता बांधता ती ओरडायची, “मास्तर, तुजा त्यो सायब पास व्हनार हाय का तू? मंग त्यो कशाला येवरं खातं?”

प्रकरण परत आलं की चाळीत सगळ्यांना कळायचं. पानापानांवर पिवळे डाग. साहेब एका हाताने नांगी चोखायचे आणि दुसऱ्या हाताने पान उलटायचे. एकदा समीकरणाच्या मधोमध कवचाचा तुकडा चिकटलेला सापडला. जाईबाईने तो नखाने काढला, पदराला हात पुसला आणि म्हणाली, “शिकल्याल्या मानसाचं हे वागनं?” दौलत ते पान नव्याने टाइप करायला बसला.

मधे साहेबांचे गुडघे धरले. मग काय, अकलोलीच्या गरम कुंडांत डुंबायची हौस. साहेब, बाईसाहेब, फियाट, आणि पुढच्या सीटवर वाटाड्या म्हणून आमचे सर. भिवंडीत शिरताना काचा वर, नाकाला रुमाल. नारपोलीच्या नाक्यावर मात्र साहेबांनी काच जरा खाली केली. मी तिथेच उभा होतो, खिडकीला टेकून बोललोसुद्धा. साहेब म्हणाले, “अरे वा! किती शांत गाव आहे तुमचं. लोक उगाच खडखडाट म्हणून बदनाम करतात.”

सर म्हणाले, “आज शुक्रवार आहे सर. शुक्रवारी आमच्याकडे वीज बंद असते. आठवड्याची सुट्टी हीच. लूम चालत नाहीत.”

“हं,” म्हणाले साहेब, आणि ढेकर दिला. काच वर गेली, पण वास बाहेरच राहिला.

आता हा शुक्रवार लक्षात ठेवा.

प्रबंध पुरा झाला. साहेबांनी तक्ते पाहिले आणि कपाळाला आठी घातली. “हे काय? दर शुक्रवारी शून्य? आणि रविवारी काम? उलटं झालंय.”

“सर, भिवंडीत तसंच असतं.”

“भिवंडीत असेल. जगात रविवारी सुट्टी असते. परीक्षक हसतील. शुक्रवारच्या जागी बाकीच्या दिवसांची सरासरी टाका आणि रविवार कोरा करा.”

सरांनी नाही म्हटलं. साहेबांनी सहीचं पेन खिशात ठेवलं. पुढे कितीतरी अमावास्या आल्या नि गेल्या. सरांच्या मागून आलेली पोरं डॉक्टर होऊन सरांचीच वरिष्ठ झाली. जाईबाईचे डोळे कांड्या भरून भरून अधू झाले होते. ती एवढंच म्हणायची, “माज्या डोल्यांत उजेड हाय तवर व्ह बाबा काय ते.” शेवटी एका रात्री दौलतने टाइपरायटर पुढे ओढला आणि शुक्रवार भरला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय सर, झालं का? तर म्हणाले, “झालं. आता मी आंघोळ करतो.” भर दुपारी. दुसऱ्यांदा.

तोंडी परीक्षेचा दिवस नेमका शुक्रवार निघाला. त्यामुळे रामनाथला सुट्टी होती आणि तोही भावाबरोबर गेला. पुढचं सगळं त्याचंच सांगणं. मीठमसाला त्याचा किती नि माझा किती, ते विचारू नका. रामनाथच्या मांडीवर कापडी पिशवी होती, कारण साहेबांचा निरोप होता, बाहेरून परीक्षक येणार आहेत, दुपारचं जेवण माझ्याकडे आहे, जरा मोठ्या आणा.

तर दालनात मागच्या बाकावर रामनाथ, आणि पिशवीत खरखर, खरखर. परीक्षक सज्जन, चष्म्याआडून बघणारे. प्रबंध आवडला म्हणाले. कारीगराचा थकवा सूत्रात धरलात हे फार आवडलं म्हणाले. सरांची मान वर झाली. मग परीक्षकांनी एक तक्ता उघडला.

“सगळ्यात विलक्षण मला हे वाटलं. शुक्रवार! बाकीचे दिवस उत्पादन वरखाली होतं. शुक्रवारी मात्र सदैव एकसारखं, अगदी सरासरीइतकं. इतका स्थिर दिवस मी कुठल्याच उद्योगात पाहिला नाही. ह्याचं कारण काय सांगाल?”

गाईडसाहेब लगेच म्हणाले, “कामाची शिस्त! आठवड्याच्या शेवटी कामगार स्थिरावतो. त्यावर मी स्वतंत्र निबंध लिहितोय.”

रामनाथ सांगतो, दादाचा चेहरा असा झाला, जशी कढीत पाल दिसली. सर उभे राहिले. “सर, शुक्रवारी आमच्या गावात वीजच नसते. आत्ता ह्या घटकेला भिवंडीत एकही लूम चालत नाहीये. हा माझा भाऊ लूमवर कारीगर आहे, म्हणूनच आज इथे बसलाय.”

पिशवीत खरखर.

साहेब हसले. “टंकलेखनाची चूक असेल. उमेदवार घाबरलाय.”

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पिशवीकडे. आणि तो सज्जन माणूस, ज्याच्यासाठी रामनाथ अजून शिव्या शोधतोय, म्हणाला, “ठीक आहे. चूक समजू. काम एरवी उत्तम आहे. शुद्धिपत्र जोडा, मी सही करून टाकतो. उशीर होतोय, नाही का?”

पेन उघडलं होतं हो! एक सही आणि डॉक्टर दौलत रोकडे.

सरांनी पुढे जाऊन प्रबंध टेबलावरून उचलला. “चूक नाही सर. खोटं आहे आणि मी स्वतः टाइप केलंय. शुद्धिपत्रावर तुम्ही जेवायला मोकळे व्हाल, मी नाही.” आणि दाराकडे चालू लागले. रामनाथ पिशवी घेऊन मागोमाग.

तेव्हा गाईडसाहेबांनी हाक मारली. मला वाटलं होतं, थांबा म्हणाले असतील, विचार करा म्हणाले असतील. शब्द असे होते: “रोकडे, अहो, पिशवी तरी ठेवून जा!”

संध्याकाळी दोघे चाळीत आले. जाईबाई दारातच होती. “झालास का रं डॉक्टर?”

“न्हाय, आये.”

तिने पिशवी चाचपली. “आन् ह्या कशा परत आल्या?”

रामनाथने सगळं सांगितलं, नकला करून. जाईबाई हसली नाही. डोळे पुसले, पदर खोचला. “इतकी वरसं दुसऱ्याच्या घरी गेल्या. आज आपल्या घरी शिजतील. जा, धोंडूबाईला पन बलाव.”

कालवण झालं. आम्ही शेजारीपाजारी सगळे जेवलो. खोटं का बोलू, उत्तम झालं होतं. आईने आग्रह केला म्हणून दौलतने एक नांगी तोंडाजवळ नेली. तेवढ्यात वास आला असणार, ताटाचा नाही, त्या पानांचा. तो उठला आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकला. त्यानंतर त्याने चिंबोरीला हात लावलेला नाही. साहेबांचा शुक्रवारच्या स्थिरतेवरचा निबंध मात्र पुढे छापून आला, त्यांच्या एकट्याच्या नावावर.

त्या रात्री दौलत ओट्यावर जाऊन उभा राहिला. गल्लीत एकही लूम वाजत नव्हता. रामनाथ बोटं चाटत दारात आला. गप्प बसेल तर रामनाथ कसला.

“काय मास्टरजी स्टॉपवाले, आज शुक्रवार. प्रोडक्शन किती?”

दौलतने तोंड पुसलं. अंधाऱ्या कारखान्यांकडे एकदा नीट पाहिलं.

“शून्य,” तो म्हणाला. “लिहून घे.”