बाळंतपणं किती?

आशाबाई अमरावतीच्या बाजारात मेथी-पालक विकायची. वय एक्कावन्न. जाऊ संध्यासोबत ती अकोल्याला स्तनांच्या तपासणीसाठी गेली, तेव्हा मशीनवर फोटो काढण्याआधी दामिनी नर्सनं अर्ज भरला. पाळी कधी आली, कधी गेली? हार्मोनच्या गोळ्या? बाळंतपणं किती?

"एकही नाही," आशाबाई म्हणाली. संध्या शेजारीच बसली होती.

संध्याचा रिपोर्ट साफ आला. आशाबाईच्या रिपोर्टवर लिहिलं होतं: स्तन दाट, सोमवारी सोनोग्राफी.

"लेकरू नाही झालं म्हणून असन," परतीच्या बसमध्ये संध्या हळहळली.

तेव्हापासून आशाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. बांधलेली जुडी सोडून ती पुन्हा बांधायची. पालक मागितला की मेथी द्यायची. धामणगावच्या पहिल्या सासरी अठराव्या वर्षी तिला मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. ते लग्न मोडलं, आणि दुसरं जमवताना माहेरच्यांनी मुलीचा विषयच काढला नाही. आताच्या नवऱ्याला, सूर्यभानला, तीस वर्षांत हे कळलं नव्हतं. आता खोट्या उत्तरावरून डॉक्टरनं भलतंच काही ठरवलं तर?

शनिवारी दुकान संध्यावर सोडून तिनं एकटीनं अकोला गाठलं.

"तुमची तारीख सोमवारची आहे. आज काहून आल्या?" दामिनीनं विचारलं.

"अर्जात चूक हाय. एक बाळंतपण झालं मले. नऊ दिवस पाजलं."

दामिनीनं तिला डॉक्टर गीतांजलींपुढे बसवलं.

"दाटपणा फोटोत दिसतो, अर्जावरून ठरत नाही," त्या म्हणाल्या. "मुलं झालेल्या बायकांत तो सहसा कमी असतो, पाळी गेल्यावर आणखी उतरतो. काही हार्मोनच्या गोळ्यांनी वाढतोही. पण तीन-तीन लेकरांच्या आयाही दाट निघतात. हा आजार नाही. दाट भाग फोटोत पांढरा दिसतो, गाठही पांढरीच. लपली तर कळत नाही, म्हणून सोनोग्राफी."

"मंग माह्या पोरीनं काही फरक नाही पडला?"

"पडला असेल थोडा. सांगता नाही येत. पण लिहून घेऊ."

सोनोग्राफी त्याच दुपारी झाली. गाठ नव्हती. पुढची ठरलेली तपासणी मात्र चुकवायची नव्हती.

घरी सूर्यभान वाट पाहत होता. "कुठं गेली होती?"

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो उठून अंगणात गेला, आत आला, पुन्हा गेला.

"नाव काय होतं तिचं?"

"बारसं व्हायचं होतं."

"मले सांगायचं होतं तुनं."

"सांगून राहिली ना," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं खाली बसली.