राजाचा मुक्काम

किस्से मी गोळा करत नाही. चार शहाणी माणसं दर रविवारी एका खोलीत बसवा, ते आपोआप साचतात, सिंकमधल्या भांड्यांसारखे. महाकालाच्या नगरीतलं, फ्रीगंजमधलं आमचं मराठी वाचक मंडळ म्हणजे असं सिंक आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी स्वतः वाचलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन जाडजूड इंग्रजी फॅन्टसीसुद्धा. मग स्वतःची लिहायला घेतली: राजे, शाप, आग ओकणारे व्याल. दर रविवारी मंडळात एक प्रकरण वाचते. इतक्या वर्षांत एकाही माणसाने 'पुढे काय झालं?' असं विचारलेलं नाही. चहा कधी येणार, हे मात्र सगळे विचारतात.

*

कुंदाताईंना मी राणीची एन्ट्री वाचून दाखवली. राणी व्यालावर बसून सात पर्वत ओलांडून येते. कुंदाताईंनी डोळे पुसले. मला वाटलं, पोचलं!

"छानच हो," त्या म्हणाल्या. "पण माहेरचं आडनाव काय तिचं?"

*

जोगळेकर बँकेतून रिटायर झालेले. माझं वाचन सुरू झालं की ते डोळे मिटतात. एकदा मध्येच उघडून म्हणाले, "वहिनी, या वयात स्तोत्रं लिहावीत माणसाने."

"स्तोत्रं ऐकणारा वर बसलाय, त्याला घाई नाही," मी म्हटलं. "कादंबरी ऐकायला तुम्हीच आहात, आणि तुमचा काही भरवसा नाही."

*

पुण्याच्या एका प्रकाशकाला फोन केला. त्याने विचारलं, मूळ लेखकाची परवानगी घेतलीत का? म्हटलं, मूळ लेखक मीच.

"हो, पण मूळ कुठल्या भाषेत?"

"मराठीत!"

मग अगदी मायेने म्हणाला, "आजी, अनुवाद आहे असं म्हणूया का? खपेल तरी."

फोन आपटायची सोय आता राहिली नाही, हे फार वाईट झालं.

*

शेवटी पुस्तक स्वतःच छापायचं ठरवलं, देवास गेटच्या तिवारीजींकडे. आमच्या लोकांच्या लग्नपत्रिका छापून छापून ते मराठी शिकलेले. प्रूफ आलं. राजा नदीकाठचं, घाट असलेलं नगर जिंकतो, महालात झोपतो आणि झोपेतच त्याचा खून होतो, असं मी लिहिलं होतं. प्रूफमध्ये झोपण्याच्या जागी छापलं होतं: 'गोरज मुहूर्तावर महाराज सहपरिवार नगराबाहेर प्रस्थान करते झाले.'

मी तडक प्रेसमध्ये गेले. तिवारीजी हात जोडून उभे.

"काकी, नगरी का नाम कुछ भी रखो, घाट तो अपना रामघाट ही है. यहाँ के राजा महाकाल. दूसरा राजा रात रुका तो गया! और छापने वाला भी गया."

"अहो, तो मरायलाच थांबलाय!"

"मेरी प्रेस में नहीं."

रागाने ते प्रूफ मी मंडळात नेलं. म्हटलं, बघा, कसा सत्यानाश केलाय. आणि तेवढं पान वाचलं. मारेकरी पडद्याआडून येतो, खंजीर उचलतो, पलंगावर वार करतो. राजा तर गोरजलाच गेलेला, पलंग रिकामा.

चहा आला होता. कोणी कपाला हात लावला नाही.

जोगळेकरांचे डोळे उघडे होते. "मग?" ते म्हणाले. "पुढे काय झालं, वहिनी?"

मी तशीच उठले, रिक्षा केली आणि प्रेसच्या दारातूनच ओरडले, "तिवारीजी, छपाई रोको. राजा ज़िंदा है."